चौथी पट्टी

१

कब्बनपेटेतल्या त्या गल्लीत सकाळी माग सुरू झाले की माणसं आपोआप मोठ्यानं बोलायला लागत. लाडीगोडी असो की भांडण, सगळं ओरडूनच. घराला घर चिकटलेलं, आणि प्रत्येक घराच्या मागच्या अंगाला माग. खटाक-खट, खटाक-खट. पाळण्यातलं पोर त्या आवाजात गाढ झोपायचं, आणि आवाज थांबला की दचकून जागं व्हायचं.

त्या वर्षी उन्हाळ्यात रोज दुपारी करंट जायचा. अख्खं बेंगळूर सरकारच्या नावानं बोटं मोडत होतं. अप्पांच्या मागाच्या शेडमधली तीन माणसं मात्र करंट कधी जातो याची वाट बघत बसायची. अप्पांचा मुलगा व्यंकोजी, त्याची थोरली बहीण श्यामला आणि त्यांचा मित्र निहार. त्यांचा बँड होता. नाव ‘धोटा’. मागात इकडून तिकडं पळतो तो धोटा.

रेकॉर्डिंगला शांतता लागते, आणि स्टुडिओ त्यांना झेपणारा नव्हता. गल्लीत शांतता मिळायची ती फक्त करंट गेल्यावर. पण करंट गेला की मशीनही बंद. मग व्यंकोजीनं लॉरीची जुनी बॅटरी आणली आणि निहारचं रेकॉर्डिंगचं मशीन तिच्यावर चालवलं. माग थांबले की वायर जोडायची, दार लोटायचं आणि वाजवायला लागायचं. करंट परत कधी येईल ते देवाला ठाऊक. कितीतरी चांगली गाणी अर्ध्यात मागांनी खाल्ली होती.

“आपल्या अल्बमचा चौथा मेंबर म्हणजे इलेक्ट्रिसिटी बोर्ड,” निहार म्हणायचा. “फोटोत त्यांनाही घेऊ या.”

निहार पुण्याचा. कंप्युटरच्या कंपनीत कामाला होता, हेब्बाळच्या तळ्याजवळ खोली घेऊन राहायचा. मशीन त्याला अमेरिकेतल्या मावसभावानं दिलेलं. साध्या कॅसेटवर चालायचं, पण एकाच फितीवर चार पट्ट्या. पहिलीवर व्यंकोजीचा ढोल, दुसरीवर निहारची गिटार, तिसरीवर झांजा-घुंगरू जे लागेल ते. चौथी श्यामलाच्या गळ्यासाठी. आधीच्या पट्ट्या कानावरच्या हेडफोनमध्ये ऐकायच्या आणि त्यावर आपली पट्टी भरायची.

गणपतीच्या मांडवात ते वाजवत, कॉलेजात वाजवत. एकदा ब्रिगेड रोडवरच्या पबमध्ये रविवारी दुपारी बोलावलं होतं. कुणीतरी ओरडलं, इंग्लिश गाणं म्हणा. श्यामला माइकवर म्हणाली, “इंग्लिश स्वल्प कमी येतं हो. मराठी चालेल?” कोपऱ्यातली बेळगावची चार पोरं उठून उभी राहिली आणि टेबलं बडवायला लागली.

तिचा गळाच तसा होता. पाण्यावर ऊन पडावं तसा, स्वच्छ. पोटही त्यावरच चाले. एका कारखान्यात ती टेलिफोनच्या बोर्डावर बसायची. लोक नुसतं तिचं ‘हॅलो’ ऐकायला पुन्हा फोन करत, असं अप्पा कौतुकानं सांगायचे.

त्याच गळ्याला त्या वर्षी गाठ आली.

२

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. गाठ काढायला हवी, लवकर काढायला हवी. आवाजाची शीर तिला चिकटून आहे. आवाज राहील, जाईल, बदलेल, आत्ता सांगता येत नाही. पण उशीर केला तर नुसत्या आवाजाचा प्रश्न उरणार नाही.

“अल्बम होऊ दे,” श्यामला म्हणाली. “मग काय कापायचं ते कापा.”

व्यंकोजीनं समजावून पाहिलं, चिडून पाहिलं. एकदा जेवायचंही सोडलं. ती ताट त्याच्यापुढं सरकवून म्हणाली, “खा रे. माझ्याऐवजी तू उपाशी मेलास तर ढोल कोण वाजवणार?”

तिच्या हसण्यामागं काय होतं ते त्याला कळत होतं. तिला मरणाची भीती होती तशीच ऑपरेशननंतरच्या दिवसांचीही होती. शुद्धीवर यायचं, तोंड उघडायचं, आणि आतून आपण नाहीच निघालो तर?

एकच गाणं उरलं होतं. शब्द तिनंच लिहिलेले.

*तुटल्या जागी गाठ मार गं, गाठीपुढं वीण*
*गाठीपुढं वीण माझी, गाठीपुढं वीण*

त्यातलं ‘पुढं’ वरच्या सुरात जायचं. सरावातच तिथं गेली की तिचा आवाज काटा अडकावा तसा अडकायचा. ती पाणी प्यायची, पुन्हा जायची, पुन्हा अडकायची. ढोल, गिटार, घुंगरू भरून झालं होतं. ढोलात एक चूक राहिली होती. वाजवता वाजवता शेजारच्या गुंडोनं करंट नसताना नुसताच माग हातानं ढकलून पाहिला. ते एक ‘खट’ ऐकून मागावर वाढलेल्या व्यंकोजीचा हात पळभर थबकला आणि एक ठोका गिळला गेला. पुन्हा वाजवू म्हणेपर्यंत माग सुरू झाले. राहू दे, म्हणाले.

चौथी पट्टी तेवढी कोरी होती.

३

त्या दिवशी श्यामला कामावर होती आणि निहार त्याच्या कंपनीत. करंट गेला. आपली ती चूक कितीशी कानाला खटकते ते बघावं म्हणून व्यंकोजी एकटाच शेडमध्ये गेला.

छपराला दोन काचेची कौलं होती. त्यातून उन्हाचे दोन खांब खाली उतरले होते आणि त्यात कापसाचे तंतू तरंगत होते. थांबलेला माग श्वास धरून बसल्यासारखा दिसतो, तसे ते माग बसले होते. त्यानं हेडफोन घातला, फीत मागं नेली, सुरू केली.

ढोल आला. गिटार आली. आणि त्यांच्यामागं, भिंतीपलीकडं कुणी बोलावं इतक्या हळू, एक बाई गात होती.

त्यानं हेडफोन काढला. शेड शांत. गल्लीत कुणी विडी पेटवून खोकलं तेवढंच. पुन्हा घातला. बाई गात होती.

मशीनवर प्रत्येक पट्टीचं एक बटण. त्यानं ढोल बंद केला, बाई राहिली. गिटार बंद केली, घुंगरू बंद केले. बाई राहिली. चौथीचं बटण खाली ओढलं तेव्हा ती गेली.

चौथी पट्टी कोरी होती. त्यानं बटण हळूच वर केलं.

आवाज श्यामलाचा नव्हता. जाडा, खरखरीत, खालचा. पोतं जमिनीवरून ओढावं तसा. वयानं थकलेली बाई असावी असा. पण शब्द तेच. तुटल्या जागी गाठ मार गं.

व्यंकोजीच्या मानेवर घाम आला. दुपार होती, बाहेर माणसं होती, भ्यायचं काही कारण नव्हतं. तरी त्यानं उठून दार सताड उघडलं, आणि मगच पुढचं ऐकलं.

४

“प्रिंट होतं रे,” निहार म्हणाला. “फीत गुंडाळलेली असते ना. एका थराचा आवाज दुसऱ्या थरावर उमटतो. टेक्निकल आहे, भूत नाही.”

“पण गायलंय कोण, जे उमटेल?”

“जुनी कॅसेट असेल. दुकानदार लोक पुसून विकतात.”

“मग शब्द आपले कसे?”

निहारनं हेडफोनसाठी हात पुढं केला. मग म्हणाला, “दे इकडं.”

तो ऐकत राहिला. व्यंकोजी त्याच्या तोंडाकडं बघत होता. गाणं मध्यावर आलं असावं, कारण निहारनं एकदम डोळे उघडले.

“तिथं पोचलास?” व्यंकोजीनं विचारलं.

निहारनं मान हलवली.

तिथं म्हणजे त्या चुकीपाशी. ढोलाचा ठोका जिथं गिळला गेला होता तिथं ती बाईही थांबली होती. पळभर. पुढचा ठोका पडला तशी त्याच्याबरोबर उचलून पुढं निघाली. जणू ती चूक तिला पाठ होती. रेडिओवरची बाई असती, जुन्या कॅसेटवरची असती, तर तिला व्यंकोजीची चूक कशी ठाऊक?

“पुढं ऐक,” व्यंकोजी म्हणाला.

बाई ‘पुढं’वर गेली. वर चढली नाही. खालूनच वळली, आणि ते वळण असं होतं की निहारच्या हातावर काटा उभा राहिला. शेवटच्या ‘वीण’चा तुकडा अर्ध्यात आला आणि ती थांबली. हसल्यासारखा श्वास. मग साध्या बोलण्यातलं वाक्य:

“आला बघ करंट.”

आणि माग सुरू झाले. चौथ्या पट्टीवर. आधी गुंडोचा, तो नेहमी पहिला, मग समोरचे, मग सगळी गल्ली. त्या गदारोळात बाई आणखी काहीतरी बोलली, पण शब्द कळेनात. आणि फीत कोरी झाली.

निहारनं हेडफोन मांडीवर ठेवला. “आपल्याच शेडमध्ये गायलीय ती,” तो म्हणाला. “तो कोपऱ्यातला पत्रा हलतो ना वाऱ्यानं, तोही ऐकू येतोय.”

“आणि पोर रडतंय मागं.”

“हो. तान्हं.”

दोघंही दाराकडं बघत राहिले. गल्लीत त्या उन्हाळ्यात एकही तान्हं पोर नव्हतं. गुंडोची बायको पवित्रा तेवढी पोटुशी होती, आणि ती समोरच्या ओट्यावर बसून कच्ची कैरी मीठ लावून खात होती.

५

श्यामलाला सांगायचं नाही असं दोघांनी ठरवलं. आधीच तिच्या जिवाला घोर कमी नव्हता.

अप्पांना मात्र ऐकवलं. अप्पांनी हेडफोन उलटा घातला, मग सुलटा. डोळे मिटून ऐकलं.

“कोण बाई ही?” त्यांनी विचारलं.

“तुम्हीच सांगा. तुमच्या शेडमध्ये पूर्वी कुणी गायचं?”

“गंगव्वा गुणगुणायची कांड्या भरताना. पण हा तिचा आवाज नव्हे.” अप्पांनी हेडफोन काढून हातात धरला. “ओळखीची वाटते. आपल्याच घरातली वाटते. पण आपल्या घरात असं कोण गात होतं?”

गंगव्वा अजून कामाला यायची. म्हातारी झाली होती, पण धाग्याच्या कांड्या तिच्याइतक्या गच्च कुणी भरत नसे. तिला विचारलं तर म्हणाली, “मी कशाला गाऊ त्या डब्यात? मला काय दुसरं काम नाही?” तरी तिच्या कानाला हेडफोन लावला. ती ऐकत बसली. तोंडातलं पान चघळायचं थांबलं.

“भूत आहे का अक्का?” निहारनं घाबरत विचारलं.

“भुताला दम लागतो का रे?” गंगव्वा म्हणाली. “ही दम घेते बघ मधे मधे. भिऊन भिऊन घेते. नवं चालायला शिकल्यासारखं.” आणि मग हेडफोन काढून पदरानं पुसून परत देत म्हणाली, “रडून झाल्यावर गाणारी बाई आहे ही. तिला पुसून टाकू नका.”

त्यानंतर व्यंकोजीला शेडमध्ये एकटं जाववेना. भीती होती, आणि आणखीही काही होतं. देवळात गाभाऱ्याच्या तोंडाशी पाय अडतो तसं. माग चालू असताना त्याला बरं वाटायचं. करंट गेला की तो पटकन बाहेर ओट्यावर येऊन बसायचा. शांतता झाली की आता कुणीतरी गायला लागेल असं वाटत राहायचं, आणि कुणी गात नव्हतं. ते जास्त वाईट वाटायचं.

६

श्यामला आली ती तडक शेडमध्ये. “चार दिवस झाले, तुम्ही दोघं माझ्याशी आजाऱ्यासारखं बोलताय,” ती म्हणाली. “काय लपवताय?”

“काही नाही अक्का.”

“गाणं बिघडलं?”

“नाही.”

“मग लाव.”

करंट गेलेला होता. व्यंकोजी म्हणाला, बॅटरी उतरलीय. तिनं मशीनकडं पाहिलं, हिरवा दिवा जळत होता. तिनं त्याच्याकडं पाहिलं. त्यानं मुकाट्यानं फीत मागं नेली.

ती उन्हाच्या खांबाखाली स्टुलावर बसली. हेडफोन तिच्याच कानावर, त्यामुळं त्याला ऐकू काही येत नव्हतं. दिसत होता फक्त तिचा चेहरा.

आधी कपाळाला आठी पडली. मग ती आठी हळूहळू गेली. ओठ किंचित उघडले. गाणं कुठं आलं ते व्यंकोजीला तिच्या पायाच्या बोटावरून कळत होतं, ती बोटानं ताल धरायची. बोट त्या गिळलेल्या ठोक्यावर थबकलं आणि पुढं निघालं. मग ‘पुढं’ आलं असावं. तिचा हात आपोआप गळ्याशी गेला, गाठीवर, आणि तिथंच राहिला.

तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती. भ्यालेल्या माणसाचा चेहरा तसा नसतो. लांबच्या गावाहून कुणी यावं, आणि ते आलंय हे अजून खरं वाटू नये, तशी ती दिसत होती.

शेवटाला तिनं दोन्ही हात हेडफोनवर घट्ट दाबले. मागांचा गदारोळ सुरू झाला असणार. ती वाकली, डोळे मिटले, त्या गदारोळात काहीतरी शोधत राहिली. फीत मागं नेली. पुन्हा ऐकलं. पुन्हा नेली. मग एकदम तिचे खांदे सैल पडले.

“काय म्हणते गं ती शेवटी?” व्यंकोजीनं विचारलं.

तिनं हेडफोन काढला, नीट गुंडाळून ठेवला.

“डॉक्टरांना फोन कर,” ती म्हणाली. “म्हणावं, तारीख द्या.”

“आणि गाणं?”

“गाणं होतंय रे. कुठं पळून जातंय?”

इतके दिवस हातापाया पडून जे झालं नव्हतं ते त्या कोऱ्या फितीनं केलं होतं. त्याला आनंद व्हायला हवा होता. पण तिला तिथं काय ऐकू आलं, हा विचार त्याला सोडेना. निरोप घेणारी माणसंही अशीच शांत होतात, हे त्यानं पाहिलं होतं.

७

ऑपरेशन लांबलं. बाहेरच्या बाकावर अप्पा जपमाळ धरून बसले होते आणि मणी एकही सरकत नव्हता. निहार सारखा चहा आणायचा आणि तो तसाच गार व्हायचा.

डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, गाठ निघाली. सगळी निघाली. आवाजाची शीर दुखावली. बघू या.

कितीतरी दिवस ती पाटीवर लिहूनच बोलली. गळ्याला पट्टी. बोलायला परवानगी मिळाली त्या सकाळी व्यंकोजी खिडकीशी उभा राहून मोसंबी सोलत होता. मागून कुणीतरी म्हणालं,

“बिया काढ रे.”

जाडा, खरखरीत, खालचा. पोतं जमिनीवरून ओढावं तसा.

मोसंबी त्याच्या हातातून पडली. तो वळला. खोलीत तिच्याशिवाय कुणी नव्हतं. ती उशीला टेकून त्याच्याकडं बघत होती, आणि भीत भीत, नवं चालायला शिकल्यासारखा, दम घेत होती.

“ओळखलंस?” तिनं विचारलं.

त्यानं तिच्या पायावर डोकं ठेवलं. भावानं बहिणीच्या पायावर डोकं ठेवायचं ते मानानं. तो ठेवत होता ते वेगळ्याच कशासाठी, आणि कशासाठी ते त्याला सांगता आलं नसतं.

“मला तेव्हाच कळलं होतं,” ती म्हणाली. “आपला आवाज आपल्याला आतून ठाऊक असतो रे. कसाही झाला तरी. मला एवढंच कळलं की पलीकडं मी आहे. बास. तेवढंच पुरलं.”

८

त्या वर्षी पाऊस धड झाला नाही. दसरा होऊन गेला तरी दुपारचा करंट जातच राहिला.

श्यामलानं माइकपुढं स्टूल ओढलं. तिची बोर्डावरची जागा गेली होती. फोनवर असा आवाज चालत नाही म्हणाले. ती आता अप्पांबरोबर शेडमध्ये ताण्याचे तुटलेले धागे सांधायला बसायची.

“एक विचारू?” निहार म्हणाला. “आपण चौथी पट्टी भरली की जुनं पुसलं जाणार. मशीन आधी पुसतं, मग भरतं. ती... ते जे आहे, ते जाईल. दुसरी कॅसेट घेऊ या का?”

व्यंकोजीलाही तेच वाटत होतं. गंगव्वाचं बोलणं त्याच्या मनातून गेलं नव्हतं.

“नको,” श्यामला म्हणाली. “हीच. तुटलं तिथंच गाठ मारायची असते.”

माग थांबले. बॅटरीची वायर जोडली. दार लोटलं. उन्हाचे दोन खांब होते तिथंच होते. कोपऱ्यातला पत्रा वाऱ्यानं हलला, आणि निहारनं व्यंकोजीकडं पाहिलं. पलीकडं गुंडोच्या घरात पवित्राचं बाळ शांतता होताच जागं झालं आणि रडायला लागलं.

व्यंकोजीनं बटण दाबलं. लाल दिवा लागला.

ती गायला लागली. त्याला प्रत्येक श्वास पाठ होता. कुठं दम घेणार, कुठं शब्द घासणार, सगळं. तरी ते तो पहिल्यांदाच ऐकत होता. गिळलेला ठोका आला, ती थांबली, निघाली. ‘पुढं’ आलं. ती वर गेली नाही, खालूनच वळली. निहारनं मान खाली घातली.

आता व्यंकोजीची नजर छपराकडं लागली. तिथं वायरीला एक पिवळा बल्ब लोंबत होता. विझलेला. एक वेडा विचार मनात आला की उठून बटण बंद करावं, म्हणजे बघू काय होतं. हात उचललाच नाही. अर्धी ‘वीण’ आली.

बल्बच्या आतली तार लाल झाली.

श्यामला थांबली. श्वास हसल्यासारखा सुटला.

“आला बघ करंट.”

आधी गुंडोचा माग. मग समोरचे. मग सगळी गल्ली धडधडायला लागली, अप्पांचे मागही. आणि त्या गदारोळात व्यंकोजीनं पाहिलं, त्याची बहीण माइकच्या अगदी जवळ वाकली. लहान मुलाला झोपवताना वाकावं तशी. ओठ हलत होते. एकेक शब्द ती जपून ठेवत होती, समोर स्टुलावर कुणी उन्हात बसलंय आणि गळ्याशी हात धरून ऐकतंय, अशा नजरेनं.

एक शब्दही ऐकू आला नाही.

तिनं मान वर केली. त्यानं उठून बटण बंद केलं, लाल दिवा गेला.

“काय बोललीस?” तो ओरडून म्हणाला.

“जिला सांगायचं होतं तिला सांगितलं,” ती म्हणाली, आणि उठून तुटलेला धागा बघायला अप्पांच्या मागाकडं गेली.

पलीकडं गुंडोच्या घरातलं पोर केव्हाच झोपी गेलं होतं.